संगणकाची नाडीपरीक्षा

कुशल वैद्याकडे रोगी आला, की तो लगेच औषधाची पुडी बांधीत नाही. तो प्रथम नाडी पाहतो, जीभ पाहतो, चार प्रश्न विचारतो आणि रोगाचे मूळ सापडल्यावरच औषध देतो. यंत्राच्या दुरुस्तीचेही तसेच आहे. दहा-बारा वर्षे वापरलेला लॅपटॉप मंदावला, की ‘आता तो म्हातारा झाला’ असे म्हणून लोक मोकळे होतात. परंतु यंत्राचे म्हातारपण माणसासारखे नसते. लॅपटॉपमधील गणित करणारा भाग, म्हणजे प्रोसेसर, पहिल्या दिवशी ज्या वेगाने बेरजा करी, जवळजवळ त्याच वेगाने तो दहा वर्षांनंतरही करू शकतो. मग यंत्र मंद का होते? बहुधा त्याचा एखादाच भाग मागे पडतो आणि बाकीच्या सर्वांना त्याची वाट पाहत थांबावे लागते. तो भाग ओळखणे हेच दुरुस्तीचे पहिले काम होय.

हे समजण्यासाठी अभ्यासाची खोली डोळ्यांसमोर आणावी. खोलीत एक हुशार विद्यार्थी आहे, त्याच्यापुढे मेज आहे आणि भिंतीशी पुस्तकांचे कपाट आहे. विद्यार्थी म्हणजे प्रोसेसर. मेज म्हणजे संगणकाची तात्पुरती स्मृती. तिलाच रॅम म्हणतात. कपाट म्हणजे कायमचा साठा ठेवणारी हार्ड डिस्क. मेज लहान असेल, तर नवे पुस्तक उघडण्यासाठी आधीचे उचलून कपाटात ठेवावे लागते आणि लगेच पुन्हा तेच हवे झाले, तर पुन्हा उठावे लागते. विद्यार्थ्याचा सारा वेळ अभ्यासाऐवजी येरझारांतच जातो. जुन्या लॅपटॉपांत पुष्कळदा ४ जीबी रॅम असते. ते विकत घेतले तेव्हा ती पुरत असे. परंतु पुढे कार्यप्रणाली आणि इतर प्रोग्राम अधिकाधिक जागा मागू लागले. मेज तेवढेच राहिले, पुस्तके मात्र वाढली.

आता कपाटाकडे वळू. १९५६ साली आयबीएम या अमेरिकन कंपनीने हार्ड डिस्क असलेला पहिला संगणक बाजारात आणला. त्याच्या साठ्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि तरीही त्यांत केवळ ५० लाख अक्षरे मावत. पुढे तबकड्या तळहाताहून लहान झाल्या, त्यांत हजारो पटींनी अधिक मजकूर मावू लागला. पण रीत तीच राहिली. तबकडी फिरते, तिच्यावरून एक बारीक दांडी सरकते आणि हवी ती जागा खाली येईपर्यंत वाट पाहते. लॅपटॉपमधील अशी तबकडी बहुधा मिनिटास ५४०० फेरे घेते. म्हणजे एका फेऱ्यास सेकंदाचा सुमारे नव्वदावा भाग लागतो. माणसाला हा वेळ क्षुल्लक वाटेल. परंतु सेकंदास दोन अब्ज ठोके देणाऱ्या प्रोसेसरचे तेवढ्या वेळात दोन कोटींहून अधिक ठोके होऊन जातात. मेज भरल्यामुळे या कपाटाकडे वारंवार जावे लागले, तर यंत्र रेंगाळेल यात नवल ते काय?

नाडी पाहण्याची सोय संगणकातच असते. विंडोज ही कार्यप्रणाली असलेल्या यंत्रावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या, की टास्क मॅनेजर नावाची चौकट उघडते. प्रोसेसर, स्मृती आणि डिस्क यांवर शेकडा किती भार आहे, हे तीत दिसते. डिस्कचा आकडा सतत शंभराजवळ आणि प्रोसेसरचा दहा-वीसच असेल, तर विद्यार्थी रिकामा बसला आहे आणि कपाट त्याला अडवीत आहे, हे उघड होय. स्मृतीचा आकडा नव्वदीच्या पुढे असेल, तर मेज लहान पडते आहे. यंत्र तापत असेल आणि पंखा घरघरत असेल, तर धुळीचा संशय घ्यावा. कारण फार तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचविण्यासाठी आपला वेग आपणच कमी करतो.

मूळ सापडले, तरी एक काम सर्वांआधी केले पाहिजे. घरातील छायाचित्रे, हिशेब आणि पत्रे यांची प्रत दुसऱ्या ठिकाणी उतरवून घ्यावी. डिस्क मंदावणे हे कधी कधी ती निकामी होऊ लागल्याचे लक्षण असते; तिच्यातून टकटक असा आवाज येत असेल, तर क्षणाचाही विलंब करू नये. लॅपटॉप दुसरा घेता येतो. परंतु आजोबांचे एकुलते एक छायाचित्र त्याबरोबर गेले, तर ते कोणत्याही दुकानात मिळत नाही.

त्यानंतर बिनखर्चाचे उपाय करावेत. यंत्र सुरू होताच न बोलावता जागे होणारे अनेक प्रोग्राम असतात. त्यांतील अनावश्यक बंद करावेत. नको असलेले प्रोग्राम काढून टाकावेत आणि व्हायरसचा शोध घ्यावा. एवढ्याने भागले नाही, तर भाग बदलावे. मेज लहान असेल, तर रॅम वाढवावी. मात्र काही लॅपटॉपांत ती पक्की जोडलेली असते, म्हणून खरेदीपूर्वी चौकशी करावी. कपाट मंद असेल, तर एसएसडी बसवावी. तिच्यात फिरणारा भागच नसल्यामुळे हवी ती जागा शोधण्यास हजारांश सेकंदाचा सुमारे दहावा भाग पुरतो. सुरू होण्यास काही मिनिटे घेणारा लॅपटॉप या एका बदलाने पुष्कळदा अर्ध्या मिनिटात तयार होतो.

हे काम मुलांनी एकट्याने करू नये. जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली करावे. झाकण उघडण्यापूर्वी लॅपटॉप बंद करून विजेची जोडणी काढावी आणि शक्य असेल तर बॅटरीही सोडवावी. बॅटरी फुगलेली दिसली, तर तिला टोचू किंवा दाबू नये, कारण ती पेट घेऊ शकते. असे यंत्र सरळ कारागिराकडे न्यावे.

प्रत्येक जुने यंत्र वाचतेच असे नाही. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आणि तिच्या पुढची आवृत्ती अनेक जुन्या लॅपटॉपांवर चालत नाही. अशा वेळी विनामूल्य मिळणाऱ्या लिनक्स या कार्यप्रणालीचा आधार घेता येतो. काही यंत्रांवरील खर्च त्यांच्या मोलापेक्षा अधिक होतो. ती कचऱ्यात न फेकता इलेक्ट्रॉनिक कचरा गोळा करणाऱ्या केंद्रात द्यावीत. परंतु हा निर्णय परीक्षेनंतरचा असावा, आधीचा नसावा. एका भागाच्या दोषासाठी सबंध यंत्र टाकून देणे म्हणजे पायात काटा रुतला म्हणून रोग्याची आशा सोडण्यासारखेच होय.