ओढ्याच्या तळाशी (लेखांक ६) : पान कुरतडतं कोण?

गेल्या आठवड्यात दगडांना चिकटून शेवाळाचा थर खरवडणारी मंडळी पाहिली. पण आंबोलीच्या बाजूला सदाहरित झाडीतून वाहणाऱ्या एखाद्या वहाळाशी जा. भर दुपारीही तळ अंधारा. तिथं शेवाळ धरणार कितीसं? तळाच्या जीवांचं पोट मुख्यतः वरून गळणाऱ्या पानांवर चालतं.

पान पडल्याबरोबर त्यावर कोणी तुटून पडत नाही. आधी त्यातले विरघळणारे पदार्थ पाण्यात उतरतात, मग त्यावर बुरशी धरते. पाण्यातच वाढणाऱ्या या बुरश्यांचे बीजाणू बहुतेकदा चार टोकांचे असतात, त्यामुळे वाहत्या पाण्यातही पानाला अडकतात. इंग्लंडमधल्या एका ओढ्यात बुडालेल्या आल्डरच्या पानांवर सेसिल टेरेन्स इनगोल्ड यांनी त्यांचा अभ्यास केला आणि १९४२ साली त्या जगापुढे मांडल्या. बुरशीनं पान मऊ पडतं, शिवाय तिच्यातली प्रथिनंही खाणाऱ्याला मिळतात. कोरड्या भाकरीला कालवण मिळावं, तसंच हे.

मग कुरतडणारे येतात. माझी आवडती आहे अनायसोसेन्ट्रोपस या कॅडिसफ्लायची अळी. ती पानाचे दोन तुकडे कापते, वरचा मोठा आणि खालचा लहान, आणि रेशमानं जोडून मधल्या फटीत राहते. राहायलाही पान, खायलाही पान! कुरतडताना उडालेला चुरा आणि विष्ठा प्रवाहाबरोबर खाली जाते. तिथं दुसऱ्या कॅडिसफ्लायच्या अळ्या दगडांच्या बेचक्यांत जाळी विणून बसलेल्या असतात, तर ब्लॅकफ्लायच्या अळ्या डोक्यावरचे पंखे पसरून तोच चुरा गाळून घेतात.

रॉबिन व्हॅनोट आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये उत्तर अमेरिकेतल्या नद्यांवरून मांडणी केली, तिच्यात जंगलातल्या उगमाजवळच्या ओढ्यांत पानं कुरतडणाऱ्यांना मोठं स्थान होतं. ही मांडणी उष्ण प्रदेशात मात्र जशीच्या तशी बसेना. थंड प्रदेशात पानं खाणाऱ्यांत स्टोनफ्लायची पिल्लं बरीच असतात; आपल्या द्वीपकल्पातल्या स्टोनफ्लाय मुख्यतः पर्लिडी कुळातल्या, म्हणजे शिकारी. मग इथलं काम कोण करतं?

लुस बोयेरो आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या खंडांतल्या ओढ्यांत आल्डरचीच पानं जाळीच्या पिशव्यांत घालून बुडवली. काही पिशव्यांची वीण इतकी बारीक, की आत फक्त सूक्ष्मजीव शिरावेत. २०११ मध्ये आलेला निष्कर्ष असा : विषुववृत्ताकडे जावं तसा सूक्ष्मजीवांचा वाटा वाढतो, कुरतडणाऱ्यांचा घटतो.

एवढ्यावरून उष्ण प्रदेशात कुरतडणारे नाहीतच म्हणणं मला घाईचं वाटतं. केनियाच्या डोंगराळ ओढ्यांत पानं खाणारे कीटक थोडेच सापडले, पण खेकडे भरपूर निघाले. वजनाच्या हिशेबात तर तेच भारी. सह्याद्रीतही ओढ्यांत खेकडे आहेतच, आणि त्यांच्या खाण्यात कुजकी पानं असतात. इथल्या गोड्या पाण्यातल्या खेकड्यांची मादी अंडी पोटाखाली बाळगते आणि त्यातून थेट इवले खेकडेच बाहेर पडतात. समुद्राकडे जायची गरज नाही. म्हणून ते अगदी उगमापर्यंत टिकतात.

अडचण मोजणीची आहे. तळ पायानं ढवळून हातजाळीत कीटक धरायची नेहमीची पद्धत दिवसा वापरली जाते. खेकडा तेव्हा दगडाखाली किंवा काठच्या बिळात असतो आणि चरायला रात्री निघतो.