कारूनच्या किल्ल्या

अफाट संपत्तीला उर्दूत 'कारूनचा खजिना' म्हणतात. हा कारून हजरत मूसांच्या कौममधला. त्याची गोष्ट कुरआनच्या 28व्या सूरेत, 'अल-कसस'मध्ये येते. खजिन्याच्या नुसत्या किल्ल्या उचलायला धट्ट्याकट्ट्या माणसांची टोळी लागे! लोकांनी त्याला समजावलं, की बाबा रे, अल्लाहनं तुझं भलं केलं, तसं तूही इतरांचं कर. या जगातला तुझा वाटाही विसरू नकोस. म्हणजे कमावण्याला, खाण्यापिण्याला मनाई नव्हतीच. कारूनचं उत्तर एवढंच, हे सारं मला माझ्या ज्ञानामुळे मिळालं. लोभाचं मूळ इथं आहे. 'माझं' म्हटलं, की दुसऱ्याचा वाटा दिसेनासा होतो. इस्लामनं तो ठरवूनच टाकला. ठरावीक मर्यादेवरची बचत वर्षभर राहिली, की तिचा चाळिसावा भाग, शेकडा अडीच, जकातीचा. ती भीक नव्हे, घेणाऱ्याचा हक्क.

मला मात्र कारूनपेक्षा बघ्यांचं जास्त वाटतं. तो थाटामाटात निघाला, तेव्हा काही जण हळहळले, आपल्यालाही असंच मिळालं असतं तर! पुढं तो घरासकट जमिनीत गडप झाला, तेव्हा हेच लोक म्हणू लागले, अल्लाहची मेहेरबानी, नाहीतर आपणही गेलो असतो. त्यांच्याकडे तर एकही किल्ली नव्हती.