विश्लेषण : बर्फ चढताना बुटाला क्रॅम्पॉन नीट बसला नाही तर?

भिवंडीच्या गिर्यारोहकांना जवळचा सराव म्हणजे आसनगावचा माहुली. तिथे कातळ भरपूर, बर्फाचे नाव नाही. त्यामुळे स्पितीतील गोठलेले धबधबे चढायचे ठरले, की क्रॅम्पॉन थेट मोबाइलवर मागवला जातो. गडबड इथेच होते.

आधी बूट की क्रॅम्पॉन?

आधी बूट. क्रॅम्पॉन ही बुटाच्या तळाला जोडायची दात्यांची चौकट. साधा ट्रेकिंगचा बूट चवड्यात वाकतो. उभ्या बर्फावर सगळे वजन पुढच्या दोन दात्यांवर येते, तेव्हा असा बूट चौकटीतून सुटू लागतो. हे पुढचे दाते इटलीच्या लॉरेंट ग्रिवेल यांनी 1929 च्या सुमारास आणले. त्याआधी गिर्यारोहक कुऱ्हाडीने पायऱ्या खोदत चढत.

पूर्ण ताठ सोल आणि पुढे-मागे खाच असलेल्या बुटाला पुढे तारेची कडी व टाचेला खटका असलेला क्रॅम्पॉन लागतो. खाच फक्त टाचेला असेल, तर पुढे पट्टा असलेला. दोन्हीकडे पट्टे असलेला प्रकार बर्फावर चालण्यापुरता ठीक. कठीण बर्फासाठी दाते पोलादाचेच हवेत, ॲल्युमिनियमचे लवकर बोथट होतात. केदारकंठा ट्रेकला भाड्याने मिळणाऱ्या रबरी साखळ्यांनाही सर्रास क्रॅम्पॉन म्हणतात. त्यांना पुढचे दाते नसतात, त्यामुळे भिंत चढायला त्या निरुपयोगी.

घरी काय तपासावे?

मधली पट्टी सरकवून लांबी बुटाइतकी करा. कडी खाचेत पूर्ण बसली पाहिजे, खटका जोर लावूनच बंद झाला पाहिजे. मग खरी परीक्षा : पट्टा न बांधता बूट उचलून जोरात हलवा. क्रॅम्पॉन निसटला किंवा खडखडला, तर तो त्या बुटाचा नाही. पुढचे दाते बुटापुढे साधारण दोन ते अडीच सेंटीमीटर दिसावेत. बकल पायाच्या बाहेरच्या बाजूला ठेवा. आत असेल तर दुसऱ्या पायाचे दाते त्यात अडकून माणूस तोंडावर पडतो. जाड हातमोजे घालूनही बांधून पाहा, थंडीत ते काढता येत नाहीत.

उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेसारख्या ठिकाणी प्रशिक्षणात साहित्य संस्थाच देते, तिथे खरेदीची घाई नको. बूट भाड्याने घेणार असाल, तर क्रॅम्पॉनही तिथूनच घ्या आणि दुकानातच बसवून पाहा. बूट बदलला, की जोडणी पुन्हा पहिल्यापासून.