रोपासाठी दिवा निवडताना

शहरातल्या पुष्कळ घरांत ऊन येतच नाही. समोरची इमारत ते अडवते. अशा घरात दिव्याच्या उजेडावर मेथी, कोथिंबीर किंवा पालक वाढवता येईल का? येईल. खास रोपांसाठी बनवलेले एलईडी दिवे आता बाजारात मिळतात. एखादा जांभळट प्रकाश देतो, एखादा पांढरा. एका खोक्यावर ‘१००० वॅट’ असे ठळक छापलेले असते, तर दुसऱ्यावर ल्युमेनचा मोठा आकडा असतो. यांतला कोणता घ्यावा? ‘जो जास्त लखलखीत दिसतो तो’ असे उत्तर आपण चटकन देऊन टाकू. पण ते चुकीचे आहे. का, ते पाहू या.

पान प्रकाशकण मोजते

प्रकाशसंश्लेषणाविषयी तुम्ही शाळेत शिकला आहात. हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि मुळांनी शोषलेले पाणी यांपासून पान साखर बनवते. त्यासाठी लागणारी ऊर्जा प्रकाशातून मिळते. प्रकाश हा ऊर्जेच्या सुट्या कणांच्या रूपाने येतो. या कणांना फोटॉन म्हणतात. पानातल्या हरितद्रव्याचा एक रेणू एका वेळी एक फोटॉन शोषतो आणि त्याने एक इलेक्ट्रॉन उत्तेजित होतो. कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू साखरेत बांधायला कमीत कमी आठ फोटॉन लागतात. प्रत्यक्षात त्याहून काही जास्तच खर्ची पडतात.

आता गंमत पाहा. सगळे फोटॉन सारख्या ऊर्जेचे नसतात. निळ्या प्रकाशाच्या फोटॉनमध्ये तांबड्याच्या जवळजवळ दीडपट ऊर्जा असते. मग निळ्या फोटॉनमुळे दीडपट साखर बनते का? नाही. समजा, एसटीत कंडक्टरकडे सुटे पैसे नाहीत. तिकीट दहा रुपयांचे आहे. तुम्ही दहाची नोट द्या की पंधरा रुपये द्या, तिकीट एकच मिळणार आणि वरचे पाच रुपये गेले ते गेलेच. पानाचेही तसेच आहे. निळ्या फोटॉनमधली जादा ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. म्हणजे प्रकाशसंश्लेषणाच्या दृष्टीने महत्त्व फोटॉनच्या संख्येला आहे.

फोटॉनची संख्या प्रचंड असते, म्हणून ती मोलमध्ये मोजतात. रसायनशास्त्रातला मोल तो हाच. एक मोल म्हणजे ६०२ या आकड्यापुढे एकवीस शून्ये. त्याचा दहा लाखावा भाग म्हणजे एक मायक्रोमोल.

डोळ्याचे माप वेगळे

दिव्याच्या खोक्यावरचा ल्युमेनचा आकडा मात्र माणसाच्या डोळ्यावर बेतलेला आहे. आपल्या डोळ्याला ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीचा हिरवट पिवळा प्रकाश सर्वांत तेजस्वी वाटतो. गर्द तांबडा आणि गर्द निळा प्रकाश त्याला फार मंद वाटतो. याचा परिणाम काय होतो? एक वॅट शुद्ध प्रकाश तीन रंगांत घेऊन हिशोब करू:

हिरवट पिवळा (५५५ नॅनोमीटर): ६८३ ल्युमेन, सेकंदाला ४.६ मायक्रोमोल फोटॉन.

तांबडा (६६० नॅनोमीटर): सुमारे ४२ ल्युमेन, सेकंदाला ५.५ मायक्रोमोल फोटॉन.

निळा (४५० नॅनोमीटर): सुमारे २६ ल्युमेन, सेकंदाला ३.८ मायक्रोमोल फोटॉन.

तांबड्या दिव्याचे ल्युमेन हिरवट पिवळ्याच्या सोळाव्या हिश्श्याइतकेच आहेत, पण फोटॉन मात्र त्याच्याहून जास्त! डोळ्यावर विसंबून दिवा निवडला तर कशी फसगत होईल, हे या तीन ओळींवरून कळते.

हिरवा प्रकाश फुकट जातो काय?

जर्मन शास्त्रज्ञ एंगेलमान यांनी १८८२ साली एक सुंदर प्रयोग केला. शेवाळाच्या एका तंतूवर त्यांनी लोलकातून निघालेला वर्णपट पाडला आणि पाण्यात ऑक्सिजनकडे धावणारे जिवाणू सोडले. जिवाणूंची गर्दी तांबड्या आणि निळ्या प्रकाशात झाली. म्हणजे ऑक्सिजन तिथे जास्त तयार होत होता. अशा प्रयोगांवरून ‘हिरवा प्रकाश वनस्पतीच्या कामाचाच नाही’ अशी समजूत रूढ झाली. पान हिरवे दिसते, त्या अर्थी ते हिरवा प्रकाश परत पाठवत असणार, हा तर्कही तिला पूरक ठरला.

पण शेवाळाचा एक तंतू वेगळा आणि पिकाचे जाड पान वेगळे. अमेरिकेत मॅक्री यांनी १९७२ साली बावीस जातींच्या पिकांवरची मोजमापे प्रसिद्ध केली. ४०० ते ७०० नॅनोमीटर या पट्ट्यातले सगळेच रंग पानाला उपयोगी पडतात, असे त्यांत दिसले. तांबडा प्रकाश सर्वांत सरस, हे खरे. पण हिरव्या प्रकाशाचाही बराच मोठा भाग पान शोषून घेते. एवढेच नव्हे, तर वरच्या थरांतून निसटलेला हिरवा प्रकाश पानात खोलवर आणि खालच्या पानांपर्यंतही पोचतो.

तेव्हा जांभळट दिवाच रोपाला हवा, असे नाही. केवळ तांबडा प्रकाश मिळाला तर पुष्कळ रोपे उंच, लुकडी होतात. थोडा निळा प्रकाश खोड आखूड आणि दणकट ठेवतो. म्हणूनच पांढऱ्या प्रकाशाला थोड्या तांबड्याची जोड दिलेले दिवे आज सर्रास वापरतात. त्यांच्या उजेडात पान पिवळे पडले किंवा कीड लागली तर ते आपल्यालाही चटकन दिसते. जांभळ्या उजेडात सगळेच काळपट भासते.

एलईडीचे कसब

जुना तारेचा बल्ब विजेचा सुमारे वीसावा भागच दृश्य प्रकाशात बदलतो. बाकी सगळी उष्णता. एलईडी हा अर्धसंवाहक पदार्थाचा चिमुकला तुकडा असतो. त्यातून वीज जाताना इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीवरून खालच्या पातळीवर उतरतात आणि दोन पातळ्यांतल्या फरकाइतक्या ऊर्जेचा फोटॉन बाहेर पडतो. फरक किती, यावर प्रकाशाचा रंग ठरतो. तांबडा प्रकाश देणारा एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ साली बनवला. तेजस्वी निळ्यासाठी मात्र १९९० च्या दशकापर्यंत थांबावे लागले. तो साधल्याबद्दल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पांढरा एलईडी म्हणजे निळाच एलईडी होय. त्यावर फॉस्फर नावाच्या पिवळसर द्रव्याचा थर असतो. तो थर निळ्यातला काही भाग हिरव्या, पिवळ्या आणि तांबड्या प्रकाशात बदलतो.

दिव्याला विचारायचे चार प्रश्न

पहिला प्रश्न: एका जूल विजेत किती फोटॉन? रोपांच्या चांगल्या दिव्याच्या माहितीपत्रकात ‘मायक्रोमोल प्रति जूल’ हा आकडा दिलेला असतो. दिव्याची कार्यक्षमता ती हीच. आज चांगले एलईडी दिवे २.५ ते ३ आणि काही त्याहून जास्त देतात. घरातला साधा ९ वॅटचा, ९०० ल्युमेनचा एलईडी बल्ब सुमारे १.४ देतो. (पांढऱ्या एलईडीचे ढोबळमानाने ७० ल्युमेन म्हणजे सेकंदाला एक मायक्रोमोल, असे धरून तुम्हीच हिशोब करून पाहा.) आणि कोणी ६ च्या वरचा आकडा सांगितला तर? मुळीच विश्वास ठेवू नका. सगळी वीज ७०० नॅनोमीटरच्या तांबड्या प्रकाशात बदलली, तरी एका जूलमध्ये ५.८५ मायक्रोमोलच मावतात. हा निसर्गनियम आहे. तो कोणत्याही जाहिरातीने बदलत नाही.

दुसरा प्रश्न: दिवा प्रत्यक्षात किती वॅट वीज घेतो? खोक्यावरच्या ‘१००० वॅट’चा अर्थ पुष्कळदा ‘तेवढ्या वॅटच्या जुन्या दिव्याच्या तोडीचा’ असा सांगितला जातो. प्रत्यक्षात तो दिवा शंभरेक वॅटच घेत असतो. बारीक अक्षरांतला आकडा वाचावा.

तिसरा प्रश्न: दिव्यापासून निघालेल्या फोटॉनपैकी पानांवर किती पडतात? भिंतीवर आणि जमिनीवर पडलेला प्रकाश रोपाच्या उपयोगाचा नाही. बल्ब दूर नेला की उजेड झपाट्याने घटतो. म्हणून दिवा रोपांच्या जवळ हवा आणि बाजूंना पांढरा पुठ्ठा लावलेला बरा.

चौथा प्रश्न: उष्णता कोठे जाते? उत्तम एलईडीतही विजेचा मोठा हिस्सा उष्णता बनतो. ती निघून जावी म्हणून दिव्याच्या पाठीवर ॲल्युमिनियमच्या उभ्या पट्ट्या असतात. पाठ तापत राहिली तर प्रकाश घटतो आणि दिव्याचे आयुष्यही कमी होते.

बिलाचा हिशोब

एक चौरस मीटर वाफ्यात पालेभाजी लावली आहे, असे समजा. तिला सेकंदाला २०० मायक्रोमोल प्रकाश रोज १६ तास द्यायचा. सगळा प्रकाश वाफ्यातच पडतो असे धरू. १.५ कार्यक्षमतेच्या दिव्याला १३३ वॅट लागतील, म्हणजे दिवसाला २.१३ युनिट. २.५ च्या दिव्याला ८० वॅट पुरतील, म्हणजे १.२८ युनिट. वर्षभरात फरक पडला सुमारे ३१० युनिटचा. युनिटला आठ रुपये धरले तर जवळजवळ अडीच हजार रुपये झाले! स्वस्त दिवा महाग पडतो तो असा.

आता त्याच मापाने सूर्याकडे पाहू. आपल्याकडे स्वच्छ उन्हाच्या दिवशी एक चौरस मीटर जागेवर सुमारे ४० मोल, म्हणजे चार कोटी मायक्रोमोल उपयुक्त फोटॉन पडतात. तेवढे फोटॉन २.५ च्या दिव्याने द्यायचे तर एक कोटी साठ लाख जूल लागतील. एक युनिट म्हणजे ३६ लाख जूल. म्हणजे झाले सुमारे ४.४ युनिट. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. एका एकराला दिव्यांनी ऊन पुरवायचे तर रोज सुमारे १८,००० युनिट वीज हवी! गहू-ज्वारी दिव्याखाली पिकवणे का परवडत नाही, हे वेगळे सांगायला नको. अमेरिकेत इमारतींमध्ये थरांवर थर रचून पालेभाजी पिकवणाऱ्या मोठ्या कंपन्या निघाल्या. त्यांपैकी एरोफार्म्सने २०२३ साली दिवाळखोरीचा अर्ज केला आणि बोवरीने २०२४ साली कामकाज बंद केले. त्यांच्या अडचणी अनेक होत्या, पण सूर्य फुकट देतो ते विकत घेण्याचा खर्च अशा प्रत्येक शेतीला सोसावाच लागतो.

मग हे दिवे हवेत कशाला? जिथे सूर्य नाही तिथे ते अमोल आहेत. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर २०१४ साली एलईडीचे छोटे ‘शेत’ पोचले आणि ऑगस्ट २०१५ मध्ये अंतराळवीरांनी तिथे वाढलेले लेट्यूस खाल्ले. अंटार्क्टिकावरच्या जर्मन तळाजवळ २०१८ साली एलईडीच्या उजेडात काकडी, टोमॅटो आणि पालेभाज्या मिळून सुमारे २६८ किलो उत्पन्न निघाले. बाहेर तर कित्येक आठवडे सूर्य उगवतही नव्हता!

तुम्हीही करून पाहा

सारख्या आकाराच्या चार डब्यांत तीच माती भरून प्रत्येकी वीस मेथीदाणे पेरा. ९ वॅटच्या पांढऱ्या एलईडी बल्बपासून एक डबा १५, दुसरा ३० आणि तिसरा ६० सेंटिमीटरवर ठेवा. तिन्हींवर बाहेरचा उजेड येऊ देऊ नका. चौथा डबा उन्हात ठेवा. दिवा रोज १४ तास लावा. पाणी सारखे घाला, मात्र बल्बवर आणि वायरवर ते उडू देऊ नका. पहिले काही दिवस रोपे बियांतल्या साठ्यावर वाढतात, त्यामुळे फारसा फरक दिसणार नाही. आठवड्यानंतर रोज खोडाची उंची, पानांची संख्या आणि रंग यांची नोंद ठेवा. सर्वांत उंच झालेले रोपच सर्वांत सुदृढ असते का, तेही तपासा. पंधरा दिवसांत या बल्बला दोन युनिटही वीज लागणार नाही.

शेवटी मेथी मुळासकट उपटून, माती धुऊन आणि सुकवून चारही डब्यांचे वजन करा. बल्बखालच्या तीन डब्यांना वीज तितकीच मिळाली होती. मग वजनात फरक का पडला? फोटॉन निघाले किती आणि पानांपर्यंत पोचले किती, याचा विचार केलात की उत्तर तुमच्या वहीतच सापडेल.