गुरूच्या चालीने वाहणारी गंगा

1 जानेवारी 1995 रोजी प्रशांत महासागरातल्या किरिबाटी या देशाने एक अचाट काम केलं. आंतरराष्ट्रीय वाररेषा या देशाच्या बेटांच्या मधून जात होती. एका टोकाला शुक्रवार असला की दुसऱ्या टोकाला गुरुवार, त्यामुळे दोन्हीकडच्या कचेऱ्या एकाच वेळी उघड्या सापडायच्या त्या आठवड्यातून चारच दिवस. किरिबाटीने रेषाच पूर्वेला ढकलली. कारभाराची सोय झाली, आणि जाता जाता 2000 सालचा पहिला सूर्योदयही पदरात पडला. कॅरोलिन नावाच्या निर्मनुष्य बेटाचं नाव ‘मिलेनियम बेट’ ठेवून तिथे नर्तकांचा ताफा नेला गेला आणि नव्या सहस्रकाचं स्वागत झालं. सहस्रक खरं तर 2001 साली सुरू होतं, कारण शून्य नावाचं वर्ष कधी नव्हतंच. पण उत्साहाच्या भरात हे ऐकतंय कोण?

त्या रात्री साताऱ्या-सांगलीतही फटाके वाजले असतील. भिंतीवरच्या पंचांगात मात्र शके 1921 चालू होतं, प्रमाथी नाम संवत्सर, आणि पाडव्याला तीन महिने बाकी होते. 5 एप्रिल 2000 ला गुढ्या उभ्या राहिल्या तेव्हा विक्रम नाम संवत्सर लागलं. कृष्णाकाठचा मोठा काळ मोजणारं घड्याळ तर याहूनही वेगळं आहे. त्याचा काटा साध्या डोळ्यांनी दिसतो. तो म्हणजे गुरू.

जुन्या महाबळेश्वरात पंचगंगेचं देऊळ आहे. दगडी ओवरीत पाण्याच्या धारा येतात: कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री. त्या एकत्र होतात आणि गोमुखातून कुंडात पडतात. आत सतत पाण्याचा आवाज, पायाखाली ओला गार दगड. इथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. वरचा सच्छिद्र जांभा दगड तो पिऊन घेतो आणि खालच्या घट्ट काळ्या कातळाशी पाणी अडलं की झऱ्याच्या रूपाने बाहेर येतं. पुढे मात्र या बहिणींच्या वाटा वेगळ्या. सावित्री पश्चिमेला कोकणात उतरते. वेण्णा माहुलीला आणि कोयना कऱ्हाडला कृष्णेला मिळते. कृष्णा वाई, औदुंबर, सांगली करत थेट बंगालच्या उपसागरापर्यंत जाते, सुमारे चौदाशे किलोमीटर.

पाच नद्यांच्या या घरात आणखी दोन नद्यांची जागा राखून ठेवली आहे. श्रद्धा अशी की भागीरथी तिथे बारा वर्षांतून एकदा प्रकटते आणि सरस्वती साठ वर्षांतून एकदा. भागीरथीची वेळ कन्यागताची, म्हणजे गुरू कन्या राशीत येतो तेव्हाची. आदल्या वर्षी तो सिंहेत असतो, तेव्हा गंगा गोदावरीच्या भेटीला गेलेली असते आणि नाशिकला सिंहस्थ भरतो. मग ती कृष्णेकडे येते. वाई, औदुंबर, नरसोबाची वाडी, सगळीकडे पर्वस्नानाची गर्दी उसळते. खाली आंध्र-तेलंगणात याच वेळी कृष्णा पुष्करम साजरा होतो, पण तिकडे बारा दिवसांत आटोपतं.

श्रद्धा बाजूला ठेवली तरी आकडे थक्क करतात. गुरूला सूर्याभोवती एक फेरी मारायला 11.86 वर्षं लागतात, म्हणजे एका राशीत साधारण एक वर्ष. शनीची फेरी साडेएकोणतीस वर्षांची. गुरूच्या पाच फेऱ्या म्हणजे 59.3 वर्षं, शनीच्या दोन म्हणजे 58.9. साठ वर्षांनी दोघेही जवळजवळ मूळ जागी परततात. आपली साठ संवत्सरं या साठाच्या मापात बसतात आणि पंचगंगेतली सरस्वतीही साठ वर्षांनीच येते. दुर्बीण नसताना, पिढ्यान् पिढ्या आकाश बघत कुणीतरी हे जुळवलं. साठ वर्षांचं चक्र ध्यानात यायला एक आयुष्य पुरत नाही, नोंद पुढच्याच्या हाती द्यावीच लागते.

गंमत अशी की 2000 साली आकाशानेही आपला सोहळा केला. 28 मे रोजी गुरू-शनीची युती झाली. ती होते वीस वर्षांनी एकदा. फक्त सूर्याच्या इतक्या जवळ झाली की फारशी कुणाला दिसलीच नाही!

‘जवळजवळ’ मध्ये मात्र खरी गोम आहे. 11.86 म्हणजे पुरे बारा नव्हेत. दर फेरीला गुरू दीडेक महिना पुढे निघून जातो आणि सात फेऱ्यांत जवळपास एक अख्खं वर्ष जमा होतं. म्हणून हरिद्वारचा कुंभ 2010 नंतर 2022 ची वाट न पाहता 2021 लाच भरला. त्याआधी असं अकराव्या वर्षी झालं होतं 1938 साली. दोन्हींत 83 वर्षं, गुरूच्या नेमक्या सात फेऱ्या. उत्तरेकडच्या गणितात म्हणूनच अधूनमधून एक संवत्सर गाळतात. महाराष्ट्रात आणि दक्षिणेत आपण ती कटकटच सोडून दिली आणि नावं ओळीने म्हणत राहिलो. मला आपला हा व्यवहारीपणा आवडतो, पण त्यामुळे संवत्सराचं नाव आणि गुरूची जागा यांची फारकत झाली, हेही खरं.

ओळीने म्हणण्याचा एक फायदा आहे. सांगली जिल्ह्यात वाळवा तालुक्यात बहे गावी कृष्णेच्या पात्रात रामलिंगाचं बेट आहे. नदी त्याला दोन्ही अंगांनी वळसा घालते. समर्थ रामदासांच्या अकरा मारुतींपैकी एक या बेटावर आहे, आणि त्याच्या स्थापनेचं साल परंपरेने शके 1573 सांगतात. हिशेब केला तर ते खर नाम संवत्सर येतं. तेच नाव फिरून 2011 च्या पाडव्याला आलं, सहा चक्रं पुरी करून. बेटावरच्या मारुतीची सहावी साठी भरली, आणि त्याचं वर्ष मोजायला कोणतीही रेषा सरकवावी लागली नाही.

शेवटचं कन्यागत ऑगस्ट 2016 मध्ये लागलं. 27 ऑगस्टच्या संध्याकाळी गुरू आणि शुक्र एकमेकांना चिकटून उभे होते, कन्या राशीतच. पण घाटमाथ्यावर भर पावसाळा, आकाश गच्च भरलेलं. घाटावर हजारोंनी स्नान केलं आणि ज्याच्यासाठी केलं तो गुरू ढगांआड.

पुढच्या खेपेला गुरू जरा चकवणार आहे. पृथ्वी आतल्या मार्गावरून त्याला मागे टाकते तेव्हा तो उलटा सरकतोय असं भासतं. आपली एसटी पुढे निघताना शेजारची बैलगाडी मागे जातेय असं वाटतं, तसं. पंचांग म्हणतं, गुरू वक्री झाला. त्यामुळे 2027 च्या नोव्हेंबरात तो कन्येत डोकावेल, 2028 च्या फेब्रुवारीअखेर सिंहेत माघारी जाईल आणि जुलैअखेर पुन्हा कन्येत शिरेल. नाशिकचा सिंहस्थही म्हणूनच 2028 च्या जुलैपर्यंत लांबला आहे. गोदाकाठचा ध्वज उतरेल त्याच सुमारास वाईच्या घाटांवर गर्दी सुरू होईल.