चाकं नसलेली गाडी

शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनाचे दिवस आले की गटाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो. "ताई, पोरीला मॉडेल करायला सांगितलंय, बाजारात तयार मिळतं का हो?" मिळतं ना. पण तयार मॉडेल टेबलावर मांडून पोरगी बोलणार काय? परीक्षकांनी "हे असं का होतं?" म्हणून विचारलं की ती खाली मान घालते. आणि शाळेत दोघांची जोडी असली तर बहुतेक वेळा मुलगा माईक धरतो आणि मुलगी टेबलापुढे रांगोळी काढते. मला ते पटत नाही. म्हणून आज असं मॉडेल सांगते, जे घरी होतं आणि जिने केलं तिला समजावूनही सांगता येतं. लोहचुंबकावर तरंगणारी गाडी! मी बी.ए. झालेली, विज्ञान दहावीपुरतंच. तेव्हा बिचकू नका.

अशी खरी गाडी चीनमध्ये शांघाय शहरात आहे. विमानतळापासून शहराकडे साधारण 30 किलोमीटरची वाट, 2004 पासून लोक तिच्यातून ये-जा करतात. जपानमध्ये यामानाशी इथल्या चाचणीच्या मार्गावर 21 एप्रिल 2015 रोजी अशाच गाडीने ताशी 603 किलोमीटरचा वेग गाठला. चाक रुळाला टेकलेलं नाही, त्यामुळे घासणं नाही.

आता आपल्या गाडीकडे येऊ. चुंबकाला दोन तोंडं असतात, उत्तर आणि दक्षिण. वेगळी तोंडं समोरासमोर आली की चिकटतात, सारखी आली की एकमेकांना ढकलतात. खाली एक चुंबक ठेवून वर दुसरा सारख्या तोंडाने धरून बघा. मध्ये मऊ उशी असल्यासारखं हाताला लागतं. पण हात सोडला की वरचा चुंबक बाजूला सरकतो, उलटतो आणि खट्कन चिकटतो. पालथ्या कढईवर गोटी ठेवायला जावं, तसं. सॅम्युअल अर्नशॉ नावाच्या इंग्रज अभ्यासकाने 1842 साली गणिताने दाखवून दिलं, की नुसत्या स्थिर चुंबकांच्या जोरावर दुसरा चुंबक हवेत एका जागी ठरत नाही. कितीही हुशारीने मांडा, कुठल्या तरी एका बाजूला तो निसटणारच.

मग काय करायचं? त्याला आधार द्यायचा, पण खालून नाही, बाजूने. जात्याचा वरचा दगड मधल्या खिळीमुळे जागेवर राहतो ना, किंवा बैलगाडी चाकोरीत चालते ना, तसंच. वर उचलायचं काम चुंबकाचं, सरळ ठेवायचं काम भिंतीचं. हे एक वाक्य पोरीला नीट कळलं की निम्मं मॉडेल झालं.

ठोकळे कुठले घ्यायचे? लेगो ही डेन्मार्कची कंपनी, तिचे ठोकळे महाग पडतात. बाजारातले साधेही चालतात, फक्त सगळे एकाच डब्यातले असू द्या. वेगवेगळ्या बनावटीचे एकमेकांत घट्ट बसत नाहीत, मग भिंत हलते. चुंबक काळे, चपटे, चौकोनी घ्या. एक इंच लांबीचे घेतले तर एक फुटाच्या वाटेला एका ओळीत 12, दोन ओळींत 24 आणि गाडीला 4, असे 28 लागतात. फ्रीजच्या दाराची रबरी पट्टी वापरू नका. तिच्यात दोन्ही तोंडं शेजारी शेजारी असतात, ती नीट ढकलत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम. एका चुंबकाच्या एका तोंडावर खडूचा ठिपका द्या. बाकीचा प्रत्येक चुंबक त्या ठिपक्यासमोर धरा, जे तोंड ढकललं जाईल त्यावर ठिपका. वाटेवर सगळे ठिपके वर, गाडीखाली सगळे ठिपके खाली. एक जरी उलटा बसला तरी गाडी तिथे अडकते.

वाटेवरचे चुंबक एकमेकांना खेटून बसवा. मध्ये फट राहिली की गाडी तिथे गचका खाते. सारखी तोंडं वर असल्यामुळे ते एकमेकांपासून पळू बघतील, म्हणून दुहेरी चिकटपट्टी लावा आणि ओळीच्या दोन्ही टोकांना ठोकळा ठोका. दोन ओळींमध्ये गाडीच्या चुंबकांइतकंच अंतर. मग दोन्ही बाजूंना तीन ठोकळे उंचीची भिंत. भिंत आणि गाडी यांच्यात पोस्टकार्ड सहज सरकेल एवढीच फट ठेवा. जास्त ठेवली तर गाडी तिरकी होऊन अडकते. टोकालाही आडवी भिंत हवी, नाहीतर शेवटचे चुंबक गाडीला बाहेर ढकलून देतात.

गाडी तरंगली की फुंकर मारून बघा. मग खरा प्रयोग करा. गाडीवर एकेक नाणं ठेवत जा आणि खालची फट पट्टीने मोजून वहीत लिहा. पहिल्या नाण्यांना फट चटकन कमी होते, पुढे पुढे कमी कमी होते. कारण चुंबक जवळ आले की ढकलणं जोरात वाढतं. ही वही परीक्षकांसमोर ठेवायची. तयार मॉडेलबरोबर अशी वही मिळत नाही!

कुणी विचारलं, "खरी गाडी अशीच असते का?" तर नाही म्हणायचं. शांघायची गाडी ढकलून नाही, ओढून उचलली जाते. तिचे हात वाटेच्या कडेखाली वळलेले आहेत, त्यातले विजेचे चुंबक वरच्या लोखंडाकडे ओढले जातात आणि यंत्र फट सतत मोजून वीज कमी-जास्त करतं. जपानी गाडी आपल्यासारखी दोन भिंतींमधून जाते, पण भिंतींमध्ये तारेची वेटोळी असतात आणि वेग घेईपर्यंत ती चाकांवरच धावते. दोन्हीकडे पुढे नेण्याचं काम वाटेतली वीज करते, आपल्याकडे फुंकर.

आता जरा लक्ष देऊन ऐका. बाजारात चकचकीत, रुपेरी, डाळीएवढे चुंबक मिळतात. ते फार जोरकस असतात. लहान मुलं असलेल्या घरात ते आणूच नका. मुलाने दोन गिळले तर ते आतड्याच्या दोन घड्यांमधून एकमेकांना चिकटतात, मध्ये आतडं चिमटतं आणि त्याला भोक पडू शकतं. सुरुवातीला नुसतं पोट दुखतं, उलटी होते, आपण खाण्यातलं काही समजतो. गिळल्याची नुसती शंका आली तरी केळी खाऊ घालत, एरंडेल देत बसू नका. थेट दवाखान्यात न्या, डॉक्टरांना "चुंबक गिळलाय" हे शब्द सांगा आणि एक्स-रे काढायला लावा.

काळे चुंबकही जोरात आपटले की त्यांचे तुकडे उडतात, तेही बाळाच्या हाती नकोत. एका गटात एकच संच घ्या, मुलींना आळीपाळीने द्या. डब्याच्या झाकणावर 28 हा आकडा लिहा. देताना मोजून द्या, घेताना मोजून घ्या, आणि एखादा कमी भरला तर तो सापडेपर्यंत रांगत्या बाळाला त्या खोलीत सोडू नका.