मैदानावर धाप लागते? आधी रक्त तपासा

परवा वस्तीतल्या एक ताई लेकीला घेऊन आल्या. “सिस्टर, ही अग्निवीर भरतीसाठी पळते, पण शेवटच्या फेरीत पाय गळतात. हिच्यात दमच नाही.” मी मुलीला बाजूला घेऊन पाळीबद्दल विचारलं. आठ-आठ दिवस अंगावर जातं, दोन तासांत पॅड भिजतो. घरात कुणाला सांगितलं नव्हतं. हिमोग्लोबिन निघालं 8.6. बाईचं ते किमान 12 हवं.

ताई, दम कमी नव्हता, लोह कमी होतं. लोहापासून हिमोग्लोबिन बनतं आणि तेच स्नायूंना प्राणवायू पोहोचवतं. पाळीत दर महिन्याला लोह जातं. जोराच्या सरावात घामावाटेही थोडं जातं, शिवाय अन्नातलं लोह अंगी कमी लागतं. अमेरिकी लष्करात भरती झालेल्या मुलींवरचा अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. त्यात लोह कमी पडून रक्तक्षय झालेल्या मुलींना लोहाच्या गोळ्या दिल्यावर त्यांचं दोन मैल धावणं सुधारलं. रोज पोटभर जेवण मिळणाऱ्या सैनिकांची ही गोष्ट. आपल्या महाराष्ट्रात तर 2019-21 च्या सरकारी पाहणीत 15 ते 49 वयाच्या शंभरातल्या 54 बायकांना रक्तक्षय आढळला.

म्हणून सराव सुरू करण्याआधी आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासा. विदर्भात आपल्या समाजात सिकलसेल आढळतो, तीही तपासणी करा. गोळ्यांचा डोस डॉक्टरांना विचारून घ्या. गोळी लिंबूपाण्यासोबत घ्या, चहा तासभर लांब ठेवा. शौचाला काळं झालं तर घाबरू नका. हिमोग्लोबिन भरलं तरी गोळ्या लगेच सोडू नका, अंगातला साठा भरायला आणखी दोन-तीन महिने लागतात. काळीज, मटण, सुकट यांतलं लोह लवकर अंगी लागतं. पालेभाजी, डाळीवर लिंबू पिळा. आणि घरात सगळ्यांत शेवटी, उरलंसुरलं मुलीनेच खायचं, हे बंद करा.

पाळी सात दिवसांपेक्षा जास्त चालली, मोठ्या गाठी पडल्या, किंवा सरावाच्या काळात तीन महिने आलीच नाही, तर डॉक्टरांना दाखवा. पाळी बंद झाली म्हणजे कटकट गेली, असं समजू नका.

सुभेदार रामजींच्या लेकाने आपल्याला विटाळाच्या कल्पनेतून बाहेर काढलं. मग पाळीबद्दल बोलायला आपल्याच घरात लाज का? 2025 च्या मे महिन्यात खडकवासल्याच्या एनडीएतून 17 मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. दार उघडलं आहे. आपली लेक तिथवर पोहोचावी असं वाटत असेल, तर आज तिला एवढंच विचारा: “बाळा, पाळीत किती जातं?”

जय भीम.